चार बोटं

स्लीफर्डच्या या केअर होममध्ये खिडक्या
चार बोटं उघडतात, त्यापुढे नाही.
कुणी पडू नये म्हणून.
ही पट्टी ठोकली तेव्हा बाहेरून आत यायचा
तो फक्त गारठा.

मंगळवार. जेवणघरातल्या काट्याने अडतीस दाखवलं,
कॅरनने त्याचा फोटो काढला.
"तुझं बरंय, तुला सवय असेल."
मी भुसावळची. आहे सवय.
पण सवय अंगाला नसते गं, घराला असते,
माठाखालच्या ओल्या वाळूला, वाळ्याच्या पडद्याला,
बारा ते चार ओस पडणाऱ्या गल्लीला असते,
खिशातल्या कांद्याला कुणीच हसत नाही
त्या गावाला असते.
इथे छपरात लोकर, भिंतीत फोम,
गालिचा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
ऊब जाऊ नये म्हणून बांधलेलं घर
ऊब जाऊ देत नाही.
रात्रीसुद्धा.

खोली अकरा. विनिफ्रेड टास्कर, एक्याण्णव.
कार्डिगनची बटणं गळ्यापर्यंत.
"जुलैचा काय भरवसा."
पाणी नको म्हणते. पाणी प्यायलं की घंटा वाजवावी लागते,
आणि तुम्ही पोरी आधीच किती दमता.
सकाळी आठला तिची गोळी असते,
पायांची सूज उतरावी म्हणून अंगातलं पाणी काढणारी.
दवाखान्याला फोन लावला.
चाळीस मिनिटं पियानो ऐकला.
तक्त्यात लिहिलं होतं, द्या.
मी दिली.
हे मी दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही.

ओली चादर खिडकीला बांधली, तर ती नियमात बसेना.
दानूताने स्वयंपाकघरातून गोठलेल्या मटारच्या पिशव्या आणल्या,
टॉवेलात गुंडाळून दोन्ही काखांत ठेवल्या.
कलिंगडाच्या दोन फोडी विनिफ्रेडने खाल्ल्या,
बिया तळहातावर थुंकून मोजल्या.
"सात," म्हणाली, फार मोठी बातमी असल्यासारखी.
मनगटाची कातडी मी चिमटीत धरली.
सोडली, तरी ती तशीच उभी,
गोधडीला पडलेल्या चुणीसारखी.

टीव्हीवर समुद्र होता. आइस्क्रीमची रांग,
कारंज्यात नाचणारी उघडी पोरं.
निवेदिका हसून म्हणाली, मजा करा.

रात्री पावणेतीनला तिने विचारलं,
"शेगडी कुणी पेटवली? आई उठली का?"
मी म्हटलं, हो, उठली.
दुसरं काय म्हणणार होते.

बुधवारी सकाळी आला तो डॉक्टर अगदी कोवळा,
कपाळाचा घाम बाहीला पुसत लिहीत होता.
हृदयक्रिया बंद. वार्धक्य.
दोन ओळी. त्यात खोटं काही नाही.
उन्हाला त्या कागदावर रकाना नव्हता.
पुढे कुणी कधीतरी हिशोब मांडेल,
मागच्या पाच उन्हाळ्यांशी ताडून बघेल
या आठवड्यात किती माणसं जास्तीची गेली.
जास्तीची!
जी चहातली न वापरलेली साखर
पुडी दुमडून परत द्यायची,
पार्सलची सुतळी सोडवून गुंडाळून ठेवायची,
जिने आयुष्यात कधी काही जास्तीचं घेतलं नाही,
ती.

शुक्रवारी पाऊस. सतरा अंश.
कॅरन म्हणाली, सुटलो बाई एकदाचे,
आणि सगळ्यांच्या पायांवर पुन्हा ब्लँकेटं आली.
हिरवळ मात्र पिवळीच आहे,
हात फिरवला की झाडूसारखी टोचते.
अकराचा गालिचा धुऊन झाला. पलंग आवळला.
उशाच्या फटीत एक काळी बी सापडली,
म्हणजे सात नव्हत्या, आठ होत्या.

सोमवारी त्या खोलीत नवीन बाई येतेय,
मिसेस प्रिडमोर, दम्याच्या.
पट्टीला चार स्क्रू आहेत, मी बघून ठेवलेत.
नोकरी जाऊ शकते. कुणी पडूही शकतं,
तेही मला माहीत आहे.
लोको शेडमधून रिटायर होताना
वडिलांनी सोबत आणलेला एक पेचकस
माझ्या पिशवीत आहे,
पोळीच्या डब्याखाली.